पहाटे कोई वर येऊन तोंड वासतात: औषधाच्या बाटलीआधी काय काय तपासायचं

उन्हाळा लागला की सकाळी सहा-सव्वासहाला माझा फोन वाजतो. "काका, सगळे मासे वर आलेत हो. कुठलं औषध टाकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: औषध काहीही टाकू नका, आधी पंप चालू आहे का ते बघून सांगा. निम्म्या वेळा फोनवर पावलांचा आवाज येतो, मग "अहो, बटणच बंद आहे."

माझं कोईचं, म्हणजे रंगीत जपानी शोभेच्या माशांचं तळं साताऱ्यात, घरामागे. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन खोल, जुना हौद वाढवून केलेलं. माझ्या स्वतःच्या तळ्यात हा प्रकार पहिल्या तीन वर्षांत पाच वेळा झाला, आणि नंतर ओळखीपाळखीत किती तळ्यांवर जाऊन निस्तरला ते मी मोजलेलं नाही. दरवेळी कारण थोडं वेगळं निघतं, पण शोधायचा क्रम तोच राहतो. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

मासे पाण्याच्या वरच्या थराशी तिरके उभे राहतात, डोकं वर, शेपूट खाली. तोंडाची उघडझाप भराभर चालते, कधी कधी चुटचुट आवाजही येतो. धबधबा किंवा पाइपाची धार असेल तर सगळे तिथे गर्दी करतात. खाणं टाकलं तर एखादा दाणा घेतात नि सोडून देतात. जवळ गेलात तरी पळत नाहीत. एरवी सावली पडली तरी तळ गाठणारा मासा हात लावू देतो, तेव्हा ते प्रेम समजू नका.

हे एवढं सगळेच सांगतात. मी त्यावर तीन प्रश्न विचारतो, आणि पुढची सगळी वाट या तीन उत्तरांवर ठरते.

पहिला: किती वाजता? फक्त पहाटे वर येतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत आपोआप खाली जातात, तर ऑक्सिजन कमी पडतोय. दुपारी तीन-चारला जास्त त्रास दिसतो, तर अमोनियाचा (खाण्यातून, घाणीतून पाण्यात तयार होणारं विष) संशय घ्या. दिवसरात्र सारखंच, तर पाण्यातलं विष नाहीतर कल्ल्यांचा आजार.

दुसरा: सगळे की एक-दोनच? सगळे एकदम वर आले तर दोष पाण्याचा. एकच मासा वर आणि बाकीचे मजेत, तर तो मासा आजारी आहे. त्याला या लेखातल्या शेवटच्या भागाकडे न्या.

तिसरा प्रश्न विचारायला जिवावर येतं: एखादा मेला असेल तर तो मोठा होता की लहान? ऑक्सिजन संपतो तेव्हा सगळ्यात मोठे मासे आधी जातात. तुम्ही ज्याला सात वर्षं वाढवलं तोच.

पहाटच का

हे एकदा नीट समजलं की पुढच्या निम्म्या तपासण्या तुमच्या तुम्हालाच सुचतील.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. हा आकडा समुद्रसपाटीचा. साताऱ्यासारख्या सातशे मीटरांवर त्याहून थोडा कमी. कोईला 6 च्या वर बरं वाटतं, 3-4 च्या खाली तो धापा टाकायला लागतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात आपल्या हातात शिल्लकच फार नसते. वर गंमत अशी की पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वासही वाढतो.

आता यात हिरवं पाणी धरा. शेवाळ नि पाणवनस्पती दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतात. रात्री ऊन नाही, पण श्वास चालूच. मग त्याही मासे घेतात तोच ऑक्सिजन घेतात. तळाचा गाळ कुजताना घेतो, फिल्टरमधले जिवाणू घेतात. संध्याकाळी भरलेला डबा रात्रभर सगळे मिळून खातात आणि सूर्य उगवायच्या आधी तो तळाला लागलेला असतो. ऊन आलं की पुन्हा भरायला लागतो, म्हणून दहा वाजता मासे खाली जातात आणि मालक म्हणतो, "बरे झाले आपोआप." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

कोईची पैदास झाली ती जपानात निइगाताच्या डोंगराळ भागात, जिथे हिवाळ्यात छातीभर बर्फ पडतो. त्यामुळे कोईवरचा बहुतेक परदेशी सल्ला थंडीत मासे कसे जगवायचे याबद्दल असतो. तळ्यावर बर्फाचा थर धरला तर काय करावं, हे मी हौसेनं पानंच्या पानं वाचलंय. आपली कसोटी मार्चअखेर ते जूनमध्ये लागते.

लगेच करायचं

मासे आत्ता वर आहेत तर तपासण्या नंतर. आधी बादली घ्या, तळ्यातलंच पाणी उचला आणि दोन-तीन फुटांवरून परत ओता. वीस-पंचवीस बादल्या. बागेच्या पाइपला झारीचं तोंड लावून बोअरचं पाणी फवारलं तरी चालेल, पण उंचावरून फवारूनच. बोअरच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन फारच कमी असतो, ते पाइप बुडवून सोडलं तर उलटच होईल. नळाचं पाणी असेल तर क्लोरीनचं खाली सांगतो ते वाचल्याशिवाय सोडू नका.

अर्ध्या तासात मासे थोडे खाली सरकले तर ऑक्सिजनच होता हे जवळपास पक्कं. औषध टाकून ही खात्री कधीच मिळाली नसती.

फुकटच्या तपासण्या

पंप बघा. चालू आहे एवढं पुरेसं नाही, धार नेहमीएवढी आहे का? जाळीत शेवग्याची पानं अडकली की धार निम्मी होते आणि ते हळूहळू होत असल्यामुळे रोज बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढे शंका आली की पुन्हा मोजा.

रात्री लाईट गेली होती का, ते विचारा. आमच्याकडे वळवाचा पाऊस आणि लाईट जाणं यांची युती आहे. माझे सगळ्यात मोठे दोन मासे अशाच एका मेअखेरच्या रात्री गेले: सात वाजता गारांसकट पाऊस, लाईट गेली, गारवा आला म्हणून मी खूश होऊन झोपलो. पावसाचं गार पाणी तळाशी बसलं, तळचं ऑक्सिजन संपलेलं पाणी नि गाळ वर आला, पन्हाळीतून पत्र्यावरची वर्षभराची घाण तळ्यात आली, आणि पंप बंद. तेव्हापासून पन्हाळीचं तोंड दुसरीकडे वळवलंय.

लाईट पाच-सहा तास गेली असेल तर अजून एक खाच आहे. बंद फिल्टरमध्ये साचलेलं पाणी सडतं. पंप सुरू केल्यावर पहिलं काळं, वास मारणारं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका. पाइप बाहेर काढून दोन-चार बादल्या झाडांना सोडा.

पाण्याचा पृष्ठभाग मोकळा आहे का? ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरच्या थरातून. गोंडाळ, जलपर्णी यांनी तळं झाकून टाकलं तर दिसतं सुंदर, पण दार बंद झालेलं असतं. निम्म्याहून जास्त झाकलं असेल तर उपसा. थोडी सावली मात्र ठेवा, उन्हाळ्यात ती हवीच.

शेजारी कुणी झाडांवर किंवा घरात कीटकनाशक फवारलं का, गल्लीत डासांचा धूर मारून गेले का? पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला फारशी जाणवत नाहीत, पण माशांना अत्यंत विषारी असतात. धुराची गाडी येणार असेल तर तळ्यावर प्लास्टिक टाका आणि एअर पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा, कारण तो बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. धूर विरला की प्लास्टिक लगेच काढा आणि पंप आठवणीनं चालू करा.

आणि खाणं बंद करा. दोन दिवस पूर्ण. यावर सगळे नाराज होतात, विशेषतः घरातले आजोबा आणि लहान मुलं. उपाशी ठेवल्यानं कोई मरत नाही, धडधाकट मासा आठवडाभरही सहज काढतो. खाण्याचा हिशेब असा: एक किलो खाण्यामागे साधारण तीस ग्रॅम अमोनिया तयार होतो. माझ्या पाच हजार लिटरांत रोज शंभर ग्रॅम खाणं टाकलं तर रोज तीन ग्रॅम अमोनिया, म्हणजे लिटरला 0.6 मिलिग्रॅम. फिल्टरनं तो उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी 1.2. मासे दाणे मागायला वर येतात ते भूक लागली म्हणूनच असं नाही. तुम्ही दिसलात की वर यायची त्यांना सवय असते. पाच मिनिटांत संपेल एवढंच टाका, उरलेलं जाळीनं काढा. पोळीचे तुकडे, भात, पार्ले बिस्किटं बंद.

थोड्या पैशांचं

पंपाच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली असेल तर ते वर काढा आणि धार पसरून पडू द्या. प्लास्टिकच्या पाइपाला भोकं पाडून आडवा बसवला तरी काम होतं. पाणी जेवढं फुटेल तेवढी हवा मिसळेल. फार उंच मात्र नेऊ नका, उंचीबरोबर छोट्या पंपाचं पाणी झपाट्यानं कमी होतं. तासा-दोन तासांत तळ्यातलं सगळं पाणी एकदा फिरलं पाहिजे, हा हिशेब धरा. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला एकोणतीस युनिट जातात. वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. बंदच ठेवायचा तर दुपारी ठेवा.

कूलरचा पंप स्वस्त पडतो म्हणून मीही वापरला. रात्रंदिवस चालवायला तो केलेलाच नसतो; दुसऱ्या महिन्यात पाण्यात हात घातला तर मुंग्या आल्या. इथे सरळ सांगतो: पाण्याला हात लावून जराही झिणझिण्या आल्या तर पंपाला हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गळती पकडून वीज तोडणारा ब्रेकर त्याच भेटीत बसवून घ्या. हे काम स्वतः करायचं नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर मोठा पंप न टाकता दहा वॉटचा एअर पंप टाका. रात्रभर चालतो आणि तेवढ्यानं मासे तगतात. मी सगळ्यात समाधानानं केलेला खर्च हाच.

गाळ आणि फिल्टर

तळाशी बोटभर काळा गाळ असेल आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो ऑक्सिजन खातोय. सगळा एकदम उपसू नका. पाइप तोंडानं ओढून (किंवा पाण्यानं भरून, ज्यांना तोंड घालायचं नाही त्यांनी) सायफननं एक चतुर्थांश तळ आज, बाकीचा आठ-आठ दिवसांनी. गाळ झाडांना घाला, कढीपत्ता खूश होतो.

फिल्टर हा विषय मात्र मला थांबून सांगायचाय, कारण 'कालपरवापर्यंत ठीक होतं' म्हणणाऱ्या निम्म्या तळ्यांत तिथेच घोळ असतो. फिल्टर घाण गाळतो हे खरं, पण त्याचं मोठं काम वेगळं आहे. आतल्या स्पंजवर, जाळ्यांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. तो अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, झाडं ते खातात. हा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपल्याकडे दिवाळीच्या किंवा पाहुणे यायच्या आधी काय होतं? कुणीतरी फिल्टर काढून नळाखाली घासून पांढराशुभ्र करतं. क्लोरीननं जिवाणू मरतात, चार-पाच दिवसांनी मासे वर.

म्हणून फिल्टर तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत नुसता हिसळा, दोन थरांपैकी एका वेळी एकच. त्यावरचा तपकिरी बुळबुळीतपणा घाण वाटला तरी राहू द्या.

फिल्टरच लहान असेल तर विकतचा घेण्याआधी निळं दोनशे लिटरचं पिंप बघा. पाणी खालून सोडायचं, वरून परत तळ्यात. आत भंगारातली प्लास्टिकची जाळी, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, बाटल्यांची झाकणं. तारेची घासणी नको. पिंपात आधी खतं किंवा रसायनं होती का ते विचारून घ्या. खाद्यतेलाचं वा सिरपचं पिंप चांगलं. माझं आठ वर्षं चाललंय.

पाणी बदलताना

एकदम अर्धं तळं रिकामं करून नवं पाणी भरणं हा रागाचा उपाय आहे. तापमान आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचं माप) दोन्ही झटक्यात बदलतात. पाचवा हिस्सा बदला, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढा. पिंपात दोन दिवस उघडं, उन्हात ठेवलं की बहुतेक उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं अँटिक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. हजार लिटर नव्या पाण्याला दहा ग्रॅम पुरे होतात. पाणी सोडायच्या आधी टाकायचे, नंतर नाही.

नवा सिमेंटचा हौद असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरून पीएच चढतो. भरा, आठवडाभर ठेवा, ओता, असं तीन-चार वेळा केल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत.

हिरव्या पाण्यावर लोक दोन गोष्टी हमखास टाकतात: तुरटी आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. तुरटीनं पाणी निवळतं, पण पीएच खाली घसरतो. मोरचुदानं शेवाळ एका रात्रीत मरतं, ते मेलेलं शेवाळ कुजायला तळ्यातला सगळा ऑक्सिजन ओढून घेतं, वर तांबं माशांच्या कल्ल्यांना जाळतं. माझ्या एका शेजाऱ्यांनी मूठभर मोरचूद टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं होतं आणि त्यात एकही मासा जिवंत नव्हता.

इथून पुढे किट लागेल

एवढं करूनही आठ दिवसांत मासे पुन्हा वर येत असतील तर अंदाज पुरे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट आणा. खर्च होतो, पण एका मध्यम कोईच्या किमतीपेक्षा कमीच.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. अमोनिया किती विषारी हे पीएचवर ठरतं: 25 अंशांना पीएच 7 असेल तर त्यातला अर्धा टक्काच घातक रूपात असतो, 8 ला पाच टक्के, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त. हिरव्या तळ्याचा पीएच दुपारी चारला 9 पर्यंत चढू शकतो. म्हणूनच मोजणी सकाळीही करायची आणि दुपारीही, आणि म्हणूनच वर दुपारचा प्रश्न विचारला होता. अमोनिया निघाला तर खाणं बंद, रोज पाचवा हिस्सा पाणी बदल, फिल्टरला वेळ.

नायट्राइट निघालं तर मीठ. हजार लिटरला एक किलो जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, बादलीत विरघळवून दोन दिवसांत विभागून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण मीठ उडून जात नाही, ते पाणी बदललं तरच कमी होतं. दर आठवड्याला 'थोडं मीठ' टाकणाऱ्यांच्या तळ्याचं हळूहळू मिठागर होतं आणि कमळं मरतात.

मग उरतो तो हिशेब जो कुणालाच ऐकायचा नसतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, फुटांत, त्याला 28.3 नं गुणा. माझं 180 घनफूट, म्हणजे पाच हजार लिटरला थोडं वर. एका मोठ्या कोईला हजार लिटर धरा. दुकानातला चार इंची मासा नीट वाढला तर दोन फुटांचा होतो. मी बावीस पिल्लं आणली होती! आता पाच आहेत. बाकीचे मोठ्या तळेवाल्यांना देऊन टाकले. कुणी घेत नाही म्हणून नदीत, धरणात मात्र सोडू नका. आपल्या तळ्यातले परजीवी तिकडच्या माशांना कशाला?

इथे थांबा

पाणी सगळ्या मोजण्यांत चांगलं आहे, हवा भरपूर आहे आणि तरी मासे वर, तर दोष कल्ल्यांत आहे. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट, तपकिरी, कडा कुरतडलेले किंवा पांढरे चट्टे पडलेले दिसले तर तुमचं काम संपलं. कल्ल्यावरच्या कृमी, ट्रायकोडायना नावाचे सूक्ष्म परजीवी, बुरशी, जिवाणू, बाहेरून सगळं सारखंच दिसतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय सांगता येत नाही. परजीवींवर टाकतात ते फॉर्मलीन तर स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, म्हणजे धापा टाकणाऱ्या माशाचं नाक दाबणं. माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून टाकल्या तर फिल्टरचे जिवाणूही जातात.

डोळे आत गेलेत, कल्ल्यांवर पांढरे चट्टे, आणि दोन-चार दिवसांत एकामागून एक मासे मरतायत, तर कोई हर्पिस विषाणूची शंका घ्यावी लागते. त्याला औषध नाही. नवे मासे आणणं, मासे कुणाला देणं, जाळी-बादली दुसऱ्याच्या तळ्यात नेणं लगेच बंद करा.

माशांचं काम करणारा पशुवैद्य जवळ मिळाला तर उत्तम. नाहीतर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा, किंवा रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर, उदगीर इथली मत्स्य महाविद्यालयं आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, यांपैकी जवळ असेल तिथे फोन करा. जाताना तळ्याचे लिटर, माशांची संख्या, किटचे आकडे, आतापर्यंत काय काय टाकलं त्याची खरी यादी (मोरचूदसुद्धा, लाजू नका), पहाटेचा एक व्हिडिओ, आणि तळ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली स्वच्छ बाटली घ्या.

मासा न्यायचा तर आजारी पण जिवंत न्या, मोठ्या पिशवीत ऑक्सिजन भरून. मत्स्यालयाचा दुकानदार भरून देतो. मेलेल्या माशाचे कल्ले काही तासांत सडतात आणि त्यातून फारसं कळत नाही. जो गेला त्याला हातभर खोल खड्ड्यात, चुना भुरभुरून, पुरून टाका. मांजरं उकरतात, म्हणून वर एक फरशी ठेवा.